मुंबई महाराष्ट्रापासून हातभर दूर राहिली त्याची हकिगत

परळ, ७ मे १९६०

ती. शामरावमामांच्या पायी रमाकांतचा नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींचा खोकला? मी खुशाल आहे, डाव्या कोपराला पट्टी आहे तेवढी सोडून. कोपराबद्दल लोकांनी तुम्हाला काहीबाही कळवलं असेल, म्हणून खरं ते लिहितो.

राज्य झालं त्या संध्याकाळी आमच्या चाळीने देखावा केला. एका टोकाला महाराष्ट्र उभा, दुसऱ्या टोकाहून मुंबई सरकत येऊन त्याला मिळणार. मी यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढतो, म्हणून सरकती फळी माझ्या गळ्यात आली. (महाराष्ट्रही मीच, कारण फेटा फक्त मला बसला.) फळीखाली लोखंडी स्लाइडी, म्हणजे छऱ्यांसारख्या गोळ्यांवर सरकणाऱ्या पट्ट्या, बसवायच्या होत्या. त्या निवडताना वर किती वजन येणार ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर फळी बाहेर आली की स्लाइड वाकते आणि आतल्या गोळ्या सुटतात. मुंबई होणार होती सुमती, आमच्या चाळीचे अध्यक्ष मनमोहनराव यांची मुलगी. तिला वजन विचारायचं कोणी? मीच विचारलं. तिने बरेच दिवस अबोला धरला, मग एकदा जिन्यात थांबून "एकशेपाच पौंड" एवढंच म्हणाली आणि वर गेली. मी दुप्पट धरून स्लाइडी आणल्या. हिशेब चोख होता, मामा.

पण ऐन वेळी मनमोहनराव म्हणाले, "मुंबई एकटी कशी येईल? आणणारा कोणी नको?" आणि झेंडा घेऊन स्वतः फळीवर चढले. (तुम्ही त्यांना शेवटचे पाहिलेत त्यानंतर ते बरेच वाढलेत.) मी फेट्याखालून नको नको अशा खुणा केल्या, लोकांना तो अभिनय वाटला. फळी निघाली, आणि हातभर अंतर उरलं असताना कर्रकन अडली. गोळ्या टणाटण उडत पहिल्या रांगेत गेल्या. मागून गिरणीतला कोंडीराम म्हणाला, "आता परत मोर्चे काढायचे काय?" सगळे हसले. मनमोहनराव मात्र हसले नाहीत. याच मुंबईसाठी ते तुरुंगात जाऊन आले होते. त्यांनी झेंडा हळूच खाली घेतला. सुमतीने ते पाहिलं, पदर खोचला आणि सरळ उडी मारली. महाराष्ट्र उताणा पडला, मुंबई त्याच्यावर. टाळ्या काही थांबेनात. मनमोहनराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

मामींना नमस्कार.
तुमचा रमाकांत

ता.क. मनमोहनराव तुमचे शाळासोबती. त्यांच्यापाशी तुमच्या शब्दाला वजन आहे. पुढच्या रविवारी येऊन सुमतीला माझ्यासाठी मागणी घालाल का?

ता.क. दुसरा. सुमतीला विचारलं नाही असं समजू नका. पडल्या पडल्याच विचारलं. ती म्हणाली, "आधी उठा." हा मी होकार धरला आहे.