उत्तर बरोबर, रीत नाही

बाई,

स्टाफरूममध्ये बसून तुम्हाला लिहिते आहे आणि आधीच सांगते, डोकं फिरलेलं आहे. समोर एक छापील तक्ता आहे. डावीकडे विषयाचं नाव, मधे तास आणि उजवीकडे मोठा रकाना, 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. तीनदा भरून दिला, तीनदा परत आला. पहिल्यांदा मी सरळ लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला टक्केवारी समजेल.' प्राचार्य म्हणाले, "मॅडम, 'समजेल' चालत नाही. समजणं मोजता येत नाही. 'विश्लेषण करेल', 'मूल्यमापन करेल' असं काहीतरी घाला. तपासणीला येणाऱ्या समितीला क्रियापदं लागतात." अहो, ज्या पोरांना शंभरातून सदतीस वजा करताना उसना कुठून घ्यायचा ते आठवत नाही, ती मूल्यमापन कशाचं करणार, माझं? तुम्ही असता तर तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवून, पदर खोचून, सरळ वर्गावर गेला असता. मला ते जमत नाही, माझी अजून तीन वर्षं नोकरी आहे.

तुमच्या काळी हे नव्हतं म्हणून सांगते. आता नियम असा आहे की बी.ए.च्या मुलांनीही एक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यायचा. त्याला म्हणतात ओपन इलेक्टिव्ह. मराठी, इतिहास, राज्यशास्त्रवाली मुलं, दहावीनंतर गणिताचं तोंड पाहणार नाही अशी शपथ घेऊन कला शाखेत आलेली, आणि त्यांच्यासाठी विषय काढलाय 'दैनंदिन जीवनातील गणित'. ओपन म्हणजे अगदी शिंगणापूरची घरं, दारच नाही. कुणीही यावं, कधीही यावं, अर्ध्या तासाला उठून जावं. आणि ही मोकाट जत्रा सांभाळायला कोण, तर मी, कारण बी.एस्सी.ला गणित घेणारे आता उरलेच नाहीत आणि माझे तास भरायचे असतात. आयुष्यभर कॅल्क्युलस शिकवलं आणि आता खाली बसून शेकडेवारी. कपाळ माझं.

पहिल्या दिवशी म्हटलं, अपेक्षा माझ्याच का, तुमच्या काय त्या सांगा. प्रत्येकाला चिठ्ठी दिली. चाळीस चिठ्ठ्या आल्या. 'नापास होऊ नये.' 'मॅडमनी ओरडू नये.' 'फळ्यावर बोलवू नये.' एकानं लिहिलं, 'तास नसावा.' एक पोरगं उभं राहून विचारतं, "मॅडम, पास व्हायला कमीत कमी किती करावं लागंल?" आणि माझ्यादेखत पोरांनी शेवटच्या बाकावर तो हिशेब केला की आतल्या, कॉलेजच्या परीक्षेत इतके पडले तर बाहेरच्या, विद्यापीठाच्या परीक्षेत किती पुरतील. बरोबर काढला! अर्ध्या गुणाचीही चूक नाही. तेवढंच एक गणित त्यांना येतं आणि ते त्यांना कुणीही शिकवलेलं नाही. मी हसले नाही. चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये कोंबल्या आणि नीट वाचल्याही नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्या वर्गात एक बाई बसते. बाईच म्हणायला हवं, सदतीस वर्षांची आहे. इथल्या धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस. सकाळी पोरांची खिचडी उरकून वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपनं खाली येते, दारापाशी बसते, चप्पल बाकाखाली नीट जुळवून ठेवते. तिला पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. त्याला पदवी लागते आणि वयाची अट तिची यंदाच संपते. बाकी सगळे पेपर तिचे निघालेले, एक हा माझा अडलेला. हे मला तिनं कधी सांगितलं नाही, ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. तिला मी वर्गात 'अगं' म्हणते, जशी बाकीच्यांना म्हणते तशीच.

आता तुमच्याकडे येते. नववीची सहामाही. 'एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल?' मी खाली एवढंच लिहिलं होतं, दोन तास. तुम्ही लाल शाईनं शून्य दिलंत आणि बाजूला एकच शब्द, 'रीत?' वर्गात माझी उत्तरपत्रिका उंच धरलीत. म्हणालात, "उत्तर बरोबर आहे, पण हे उत्तर चालत कुठून आलं ते मला दिसत नाही." सगळ्या मुली हसल्या. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. त्या पाच गुणांनी माझा पहिला नंबर गेला आणि तो मिळाला माझ्या शेजारच्या मुलीला, जिची वेणी मी रोज घालून द्यायची.

रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीतला कढीपत्ता, कोपऱ्यात पितळी पिंप, त्यावर बारीक धार सोडलेला नळ. तुम्ही जमिनीवर बसून ताटात तांदूळ निवडताय. मला समोर बसवता आणि म्हणता, "हं, बोल. कसा भरला हौद?" मी फरशीवर बोटानं रेघा ओढत राहते. तुम्ही रागावत नाही. "घाई नाही, पिंप भरेपर्यंत आपल्याला वेळ आहे," म्हणता आणि खडे काढत राहता. मी त्या धारेकडे बघत बसते, किती वेळ कोण जाणे. मग कुठून तरी सुचतं आणि मी एकदम बोलायला लागते, की बाई, सहा तास दोन्ही नळ चालूच ठेवू. पहिल्यानं दोन हौद भरले. दुसऱ्यानं एक भरला. तीन हौदांना सहा तास, मग एका हौदाला दोन. तुम्ही ताट बाजूला सारता, कॅलेंडरचं जुनं पान फाडता आणि त्याच्या मागे मी बोलले ते तसंच्या तसं लिहून काढता, 'चालूच ठेवू'सकट. म्हणता, "ही रीत. पुस्तकातली नाही, पण तुझी आहे. जे बोललीस ते कागदावर ठेवलं की झाली रीत." मी विचारते, "मग माझे गुण?" तुम्ही पुन्हा ताट ओढता. "शून्य राहील," म्हणता. आणि मला लाडू देता! रडत रडत तो लाडू खात घरी गेले, तेव्हा तुमचा इतका राग आला होता की काय सांगू.

तो राग मी चाळीस वर्षं सांभाळला. प्रत्येक निरोप समारंभात हा किस्सा सांगितला. 'माझ्या बाईंनी बरोबर उत्तराला शून्य दिलं, म्हणून मी आज इथे उभी आहे.' पोरं टाळ्या वाजवतात. आणि बाई, शिकवताना मी तुमच्यातलं काय उचललं? लाल शाईचा तो एक शब्द. माझ्या हाताखालून गेलेल्या किती पोरांच्या पेपरवर 'रीत?' लिहून मी शून्य दिलं, त्याची मोजदाद नाही. घरी मात्र एकालाही बोलावलं नाही. आमच्याकडे फ्लॅट आहे, लिफ्ट बंद असते, वेळ कुणाला आहे, अशी कारणं मला पुष्कळ येतात.

गेल्या आठवड्यात वर्गात चाचणी घेतली. एक प्रश्न होता, शाळेतल्या तीनशे चाळीस मुलांपैकी पासष्ट टक्के मुलांनी सहलीला नावं दिली, तर किती? त्या मदतनीस बाईनं लिहिलं, २२१. बस. वर काही नाही, खाली काही नाही. तिच्या शेजारच्या मुलीचंही २२१, पण पायऱ्या मांडलेल्या. माझं डोकंच सरकलं. भर वर्गात विचारलं, "हे आकाशातून पडलं का गं?" ती उभी राहिली. म्हणाली, "न्हाई मॅडम, मीच काढलंय." मी म्हटलं, "मग रीत कुठे आहे? या वयात शेजारणीचं बघून लिहिताना काही वाटत नाही?" ती बसली आणि बाकाखालची चप्पल पुन्हा जुळवू लागली. मी पाच गुणांच्या जागी शून्य दिलं आणि मला ठाऊक होतं की त्या शून्यानं ती आतल्या परीक्षेत नापास होते आहे. ठाऊक असून दिलं.

काल ती स्टाफरूमच्या दारात आली. मला वाटलं, आता रडणार, हातापाया पडणार, मुलाबाळांची आण घालणार. तयारीतच बसले होते. तर म्हणते, "मॅडम, गुनांचं ऱ्हाऊ द्या. पन रीत म्हंजी नक्की काय लिव्हायचं असतंय? मी पयल्या दिशीच चिठ्ठीत लिवलं हुतं."

ड्रॉवर उघडला. चाळीस चिठ्ठ्यांत तिची सापडली. अक्षर वळणदार, अंगणवाडीच्या भिंतीवर काढतात तसं. 'मला उत्तर येतं. रीत येत नाही. ती शिकवावी ही अपेक्षा.'

बाई, तुम्हीच सांगा, माझ्या तक्त्यात, प्राचार्यांच्या तक्त्यात, समितीच्या सगळ्या क्रियापदांत याहून चांगली अपेक्षा कुणी लिहिली असेल का? आणि ती तीन महिने माझ्या गुडघ्याजवळच्या ड्रॉवरमध्ये पडून होती, पंचिंग मशीनखाली.

मी खुर्ची दिली. म्हटलं, "बस. बोल, कसं काढलंस?" ती लाजली. "हसाल तुमी." मी म्हटलं, नाही हसत. मग तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली. "आमच्याकडं आवणीला, भात लावताना, रोपांच्या मुठी इसानं मोजत्यात. ईस झाल्या की एक खडा बाजूला. आता बगा, शंबरात पासष्ट म्हंजी इसात तेरा."

"थांब," मी म्हटलं. "इसात तेरा कसे?"

"शंबरात पाच इसा अस्त्यात ना? पासष्टाचे पाच वाटे केले, वाट्याला तेरा आले." माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं तिनं. "आन तीनशे चाळीस म्हंजी सतरा इसा. दर इसाला तेरा. सतरा दाहे एकशे सत्तर, सतरा त्रिक एक्कावन. झाले की दोनशे एकवीस."

मी कागद ओढला आणि लिहीत गेले. विसातले तेरा, सतरा विसा, सगळं. शेजारच्या पोरीनं कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्ह दोनदा चुकवून जे काढलं होतं, ते हिनं पेरांवर काढलं होतं, आणि चोर ठरवलं मी हिला. कागद तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "ही रीत." ती बराच वेळ वाचत राहिली. "एवढंच?" म्हणाली. "हे तर मी नुसतं बोललेय." मग चिडली, आणि बरंच झालं चिडली. "मंग दहावीला दोन डाव नापास का केलं मला? कुनी इचारलंच न्हाई, बोल म्हनून!" इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे भूगोलाचे सर चहा पिता पिता थांबले.

आज सकाळी पहिल्याच तासाला मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तिला खडू दिला. तिनं विसांनी सोडवून दाखवला. मी वर्गाला सांगितलं की उत्तर तिचंच होतं, चूक माझी झाली. मागच्या बाकावरनं आवाज आला, "मॅडम, मंग सॉरी म्हना की!" सगळे खिदळले. मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ मॅडम," आणि खडूचे हात साडीला पुसत जागेवर गेली. शून्य खोडून पाच केले, सही केली, गुणपत्रक ऑफिसात दिलं. आतल्या परीक्षेत ती पास आहे. बाहेरचा पेपर निघाला की अर्ज करू शकेल. तक्त्यात चौथ्यांदा लिहिलंय, 'विद्यार्थी आपली रीत बोलून दाखवेल. शिक्षक ती लिहून घेईल.' प्राचार्य म्हणतील, अपेक्षा विद्यार्थ्यांच्या रकान्यात आहेत मॅडम, शिक्षकांच्या नव्हे. म्हणू देत. पाचव्यांदा भरणार नाही.

तुम्ही गेल्यावर पाठवायला पत्ता उरलेला नाही, तेव्हा हे पत्र त्या चिठ्ठ्यांबरोबर ड्रॉवरमध्येच राहील. पण वर्गानं एक विचारायचं सोडलं ते तुम्हाला सांगते. मला तिचा लगेच संशय का आला? काही न विचारता थेट चोरीच का दिसली? कारण रीत नसलेलं बरोबर उत्तर कसं येतं, याची मला एकच वाट माहीत होती. बाई, ते 'दोन तास' माझं नव्हतं. शेजारच्या मुलीच्या पेपरवरनं बघून लिहिलं होतं. हौद मी पहिल्यांदा भरला तो तुमच्या स्वयंपाकघरात, त्या पिंपाच्या धारेकडे बघत. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच लाडू दिलात आणि गुण दिले नाहीत.

ते शून्य बरोबर होतं, बाई.