आबांसाठी कौल

मंचर, रविवार, २३ मार्च २०२५

तीर्थरूप सोनीआत्यास,
रत्नाचा नमस्कार. वि. वि. तुमच्याकडे फोन लागत नाही, म्हणून हे आहुप्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते. काल आबा हिरड्याच्या झाडावरून पडले आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून पाठवलंत. त्यापुढचं असं:

१. सीटी स्कॅन मीच काढला. या दवाखान्यात माझं तेच काम आहे. कमरेच्या वरचा मणका फुटला असून तुकडा मज्जारज्जूवर दाबतो आहे.
२. दोन्ही पाय अजून थोडे हलतात.
३. गुरुवारपर्यंत ऑपरेशन झालं तर पाय वाचण्याची आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्यानंतर नाही.
४. आबा सही करत नाहीत.

झाड देवराईच्या हद्दीबाहेरचं समजून ते चढले. वर गेल्यावर कळलं की ते आतलं, देवाचं आहे. तरी उतरले नाहीत, झोळी भरत राहिले. राईतली वाळकी काटकीसुद्धा आपण घरी आणत नाही, म्हणून ही देवाची चोरी झाली, असं ते म्हणतात. माफीचा कौल आल्याशिवाय अंगाला सुरी लावू देणार नाहीत. आणि कौल सोनीअक्कानेच लावायचा.

माझी विनंती सरळ आहे. फूल उजवीकडे पडलं, असं लिहून पाठव. खरंच लावलंस का, ते मी विचारणार नाही. आबा शुद्धीवर आहेत, त्यामुळे त्यांच्या जागी मला सही करता येत नाही. आई पदर तोंडाला लावून बसली आहे.

लोभ आहे तसाच ठेव.
रत्ना

---

आहुपे, सोमवार

चि. रत्नास,
आत्याचा आशीर्वाद. पत्र मिळालं. चौथी शिकले त्याचा आज उपेग झाला. आधी तुझा कान धरते, मग बोलते. एवढी मशिनं चालवतीस आन् मला देवाच्या नावावर खोटं लिवायला सांगतीस व्हय गं? फोटुत मणका मोडलेला दिसला, तर तू चांगला हाय म्हून लिवशील का?

कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगाला फुलं चिकटवली. म्हणले, सोमाला माफ केलं असंल तर उजवं दे, राग असंल तर डावं दे. दिवस कलंपातूर बसले. एक बी पडलं न्हाई. भिका पुजारी म्हणला, देव आज बोलत न्हाई, घरी जा.

पर आता लिवते ते सोमाला वाचून दाव. देव गप हाय, रागावलेला न्हाई. आपली आजी सांगायची, साथीच्या वक्ताला सगळा गाव लेकराबाळांसकट राईत ऱ्हायला व्हता. कोन चांगला, कोन चोर, देवानं कुनालाच इचारलं न्हाई. आत आला तो त्याचा. सोमा बी देवाच्याच अंगणात पडला. चार हात पलीकडं पडला असता तर खाली कातळ व्हता. पाचोळ्यावर पडला म्हून जीव हाय. त्या येड्याला सांग, देवाला मारायचं असतं तर त्यानं पाचोळा हातरला नसता.

तुझ्या आईला दोन घास खाऊ घाल. आन् आमाला इसरू नको.
सोनीआत्या

---

मंचर, मंगळवार, २५ मार्च

तीर्थरूप आत्यास,
रत्नाचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. 'एक बी पडलं न्हाई' इथे मी थांबले. त्यांचा चष्मा घरी राहिला आहे, त्यामुळे वेगळं वाचलं असतं तरी कळलं नसतं. जे होतं तेच वाचलं. पाचोळ्याचं ऐकून ते रडले. मग म्हणाले, अक्काचं म्हणणं पटतं, पण ते देवाने सांगू दे.

आज सकाळी डाव्या पायाची बोटं हलली नाहीत. डॉक्टरांनी टाचणी टोचली, तर आबांनी मलाच विचारलं की टोचली का.

त्यांच्या मणक्यात काय चाललं आहे ते मी बोट ठेवून दाखवू शकते. त्याचा काही उपयोग नाही. आईने पाया पडून पाहिलं, डॉक्टरांनी रागावून पाहिलं, मी स्कॅन समोर धरून समजावलं. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी देवाकडे कधी काही मागितलं नाही. ठरवून नाही, अडलं नव्हतं म्हणून. दुपारी मशीनच्या खोलीचं दार लावून बसले, हात जोडले. पुढे काय म्हणायचं ते आलं नाही. बाहेर पेशंट थांबला होता, दार उघडलं.

मग आबांना विचारलं, त्यांची चूक मी माझ्या अंगावर घेतली तर चालेल का. ते रागावले. तू जन्मल्यापासून कुणाचं ऐकलेलं नाहीस, असं मला म्हणाले. मग म्हणाले, देवाला चालत असेल तर सही करीन.

म्हणून उद्या पुन्हा कौलाला बस. या वेळी माफीचं विचारू नकोस आणि आबांच्या नावाने विचारू नकोस. माझ्या नावाने विचार. सोमाजीची रत्ना बापाची चूक घेऊन आली आहे, तिला जायला दुसरी जागा नाही, तिला आत घेशील का, एवढंच. मला शब्द सापडले नाहीत. तुला सापडतील ते वापर.

रविवारी मागितलं होतं तसं लिहू नकोस. उजवं पडलं तर उजवं लिही, डावं पडलं तर डावं, आणि पडलंच नाही तर तेही. मी आबांना ते तसंच वाचून दाखवीन.

आमच्यावरची माया असू दे. मी गुरुवारी सकाळी मंचरच्या स्टँडवर उभी राहीन. पहिल्या गाडीने उत्तर पाठव.

रत्ना