अलकाचं लग्न वैशाखात

पिपलानी, भोपाळ

सौ. सुनंदास,

भोपाळहून तुझ्या माणसाचे आशीर्वाद. खोकला कमी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काशिनाथकडच्या सत्यनारायणाहून येताना भलत्याचीच चप्पल घालून आलो. शेजारचे तिवारी म्हणाले, "भाईसाब, जूते चुराना तो सालियों का काम है!" मीही हसलो. चप्पल लहान होती, टाच सोलून निघाली, तरी मला कळलं नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाले, "टॉनिक घ्या." पडद्याआड मात्र सहकाऱ्याला इंग्रजीत सांगत होते, फुप्फुसांवरचे व्रण वाढताहेत, पायांचा बधिरपणाही हातांपर्यंत येईल. हेल्परचा फोरमन झालो तो कानांनीच इंग्रजी शिकून, हे त्यांना काय माहीत!

अलकाच्या लग्नाला मार्गशीर्षापर्यंत थांबायला नको, येत्या वैशाखातच करू. कन्यादानाला तिचा हात हातात आलेला मला कळायला हवा.

तुझाच,
प्रभाकर