चाळीस नंबरचा फ्रॉक

४ नोव्हें., मंगळ.
आज दुकानात मी माती खाल्ली.
नाताळचा माल लावत होते. दोन बायका आपापल्या पोरींना घेऊन बसलेल्या. एक मुलगी आली, तिशीच्या आतबाहेरची, अंगाने भरलेली, खांद्याला ऑफिसची बॅग. सवयीने आधी वहीत नाव नि फोन लिहून घेतला. प्रणाली, राहणार विरार. पोरींच्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकांवरून तिने हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ह्यात सगळ्यात मोठी साइज कुठली?" म्हटलं, चाळीस नंबर, म्हणजे चाळीस इंच लांबी. मुलगी केवढी आहे?
"मलाच हवाय."
मी हसले. मी हसले म्हणून त्या दोघीही हसल्या. "सॉरी आंटी" म्हणून ती निघून गेली. सॉरी तिने का म्हणावं?
आगाशीच्या बाजारात एकतीस वर्षं पोरींच्या फ्रॉकांचं दुकान. एकही गिऱ्हाईक असं गेलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर पास्कल म्हणतो, "नंबर हाय ना वहीत? मग फोन कर की." केळीच्या वाडीपलीकडचंही ह्या माणसाला कधीमधी कळतं.

६ नोव्हें.
फोन केला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा म्हणाली, "आंटी, जाऊ दे ना." म्हटलं, जाऊ देणाऱ्यातली मी नाही, ये.
सातिवलीच्या गोडाऊनमध्ये हिशेबाला आहे. अर्धा दिवस सुट्टी टाकून आली. फोटो दाखवले. जपानमध्ये मोठमोठ्या बायका बाहुलीसारख्या नटतात. आत फुगवायला कॅनकॅनचा परकर, गुडघ्यापर्यंत घेर, गळ्याशी बो, कापडावर केक नि स्ट्रॉबेऱ्या. लेस सुती, चमकी औषधाला नाही. काम इतकं साफ की मी चष्मा बदलून पाहिलं.
मुंबईत सहा जणी असे कपडे घालतात. प्र. त्यांना चार वर्षं ओळखते, पण फोनवरच. दरवर्षी वांद्र्याला चहाला जमतात आणि दरवर्षी ही ताप आला म्हणून कळवते. कारण एकच, हिच्या मापाचा फ्रॉक नाही. यंदाचा चहा १५ फेब्रु.ला.
म्हटलं, मी शिवून घेते कुणाकडून तरी, त्यात काय! तर तिने फोन बॅगेत टाकला. मग म्हणाली, "आंटी, शाळेच्या युनिफॉर्मपासून मी सगळं शिवलेलंच घालतेय. एकदा तरी मला रेडीमेड पाहिजे. म्हणजे कोणीतरी आधीच माझा विचार करून बनवलेलं."
मी जन्मभर रेडीमेड विकतेय. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वाईट वाटलं, फार वाईट.
तिला शब्द दिला. १५ फेब्रु.च्या आत, ब्रँडचाच, मापाचाच.

१३ नोव्हें.
ब्रँडांची नावं वाचता येत नाहीत, म्हणून चित्रांवरून मीच बारसं केलंय. चेरीवाले: छाती छत्तीसच्या पुढे नाही. टोपीवाले: फ्री साइज. ह्यांच्या फ्री साइजमध्ये माझी सहावीतली गिऱ्हाइकं मावतील. घेर बघावा तर मांडवाएवढा आणि छाती चिमणीची! प्र.ची छाती ४६.
फोनवर भाषांतर करून चौघांना पत्रं लिहिली. प्र. म्हणते, "आंटी, मी आधीच विचारलंय सगळ्यांना." तू विचारलंस, मी नाही.

२४ नोव्हें.
चेरीवाल्यांचं उत्तर. नाही. पण इतक्या अदबीने नाही म्हटलंय की आपणच उठून माफी मागावी. टोपीवाले, किटलीवाले गप्प. चौथ्यांनी लिहिलं, पट्टा सैल करून बघा.
पट्टा सैल करून बघा म्हणे. पा.ला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यांना आपल्या लग्नातलं जेवण घालायला पायजे."

११ डिसें.
नाताळची गर्दी. पाठ मोडली. तरी सापडले! बदकवाले. दोघी बहिणी, छोटंसं दुकान, मोठ्या मापांचेही कपडे करतात. फिक्या गुलाबीवर पांढरी बदकं, कॉलरला लेस. प्र.ने फोटो पाहिला आणि फोन काउंटरवर उलटा ठेवला. "आंटी, जास्त नका दाखवू, मग झोप येत नाही."
नवीन माल १८ तारखेला, दुपारी. मोजकेच नग.

१८ डिसें.
घेतला!!
प्र. मीटिंगमध्ये, पैसे भरायचं सगळं मला आधीच करून दिलेलं. दुकानात सहा गिऱ्हाइकं. एका पोरीच्या पाठीची हुकं लावत होते, डाव्या हातात फोन. मापांच्या यादीत नुसते L, L, L आणि शेवटी ४०. L वर माझा काडीचा विश्वास नाही, ज्याचा त्याचा L निराळा. नंबर तो नंबर. ४० दाबलं. ऑर्डर पक्की.
प्र.ला कळवलं. रडतेय की हसतेय कळेना. आज मी स्वतःवर जाम खूश.

२५ डिसें.
नाताळ. चर्चमध्ये मिस्सा, घरी वडे, पाहुणे. प्र. डबा घेऊन आली, तिच्या आईचे रव्याचे लाडू. पा. तिला केळीचा अख्खा घड देत होता. विरारच्या बसमध्ये ती तो नेणार कसा? एक फणी नेली.

१९ जाने.
पार्सल आलं. हातात घेतलं. फार हलकं.
प्र. संध्याकाळी आली, मग उघडलं. गुलाबी, बदकं, लेस, बो, सगळं जिथल्या तिथे. लांबी माझ्या एका वितीएवढी.
प्र.ने तो तळहातावर पसरला. मग प्र. म्हणाली, "आंटी, हा बाहुलीचा आहे. चाळीस सेंटिमीटरच्या बाहुलीचा." त्या बहिणी तसेही करतात, बाईला आणि बाहुलीला एकसारखे. आणि मी एकतीस वर्षांची दुकानदारीण, इंच समजून बसले.
ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणते, "चालेल. ह्यावर्षी पण ताप येईल."

२० जाने.
सकाळी दुकान उघडायच्या आत बहिणींना पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. आमच्या धंद्यात नंबर इंचात असतो, चूक माझी, मुलीची नाही. तिने चार वर्षं ताप आल्याचं सांगितलंय, पाचव्यांदा मी सांगू देणार नाही. मोठ्यातला मोठा L शिल्लक असेल तर द्या, छाती ११७ सेंटिमीटर. शेवटी लिहिलं, तुमचं काजं करायचं काम मला फार आवडलं. ते खरंच आहे.
बाहुलीचा फ्रॉक परत घेत नाहीत, असं त्यांच्या पानावरच लिहिलंय. काचेत लावला. अर्नाळ्याची एक कोळीण म्हणाली, "बाय, कवढ्या पोरीचा गो हा? अजून जल्मलीच नाय ती!"

२३ जाने.
उत्तर आलं. धाकटीने लिहिलंय. दोघी पत्र वाचून खूप हसल्या, त्याबद्दल क्षमस्व. सगळा माल संपला. पण प्रदर्शनासाठी मोठ्यात मोठ्या मापाचा एक ठेवलाय, छाती १२०. तो पाठवतात. आमच्या दुकानाचा फोटो मागितला.
१२०! पा.ला बाजारभर शोधत गेले. तो भेंडीवाल्याशी बोलत होता, तिथेच सांगितलं. भेंडीवालाही खूश झाला, कशाबद्दल ते त्याला कळलं नसावं.

७ फेब्रु.
पार्सल मुंबईत अडकलंय. रोज बघते. तेच तेच लिहून येतं. प्र. विचारत नाही, मीही सांगत नाही. नोव्हेना सुरू केलीय, नऊ दिवसांची प्रार्थना.

११ फेब्रु., बुध.
आलं. जड आहे!
दुपारी शटर अर्धं ओढलं. प्र. पडद्याआड गेली. चेन लावायला मला हाक मारली. तिने श्वास आत ओढून धरलेला. म्हटलं, सोड. सोडला. चेन सरसर वरपर्यंत गेली. कुठे ओढ नाही, चुणी नाही, बगलेत बोट फिरतंय.
आरसा आमचा पोरींसाठी खाली लावलेला, तिला त्यात गळ्याखालचंच दिसेना. वाकून वाकून बघायला लागली. पा. पुढे आला, आरसा खिळ्यावरून काढला आणि छातीशी धरून उभा राहिला. पाच मिनिटं. चांगला जड आरसा आहे, माणूस बासष्टचा.
प्र. बघत राहिली. मग म्हणाली, "कोणीतरी माझा विचार केला होता."
पा. आरशामागून म्हणतो, "पोरी, बघून झालं असलं तर सांग, हात गेले माझे."
तिघंही हसलो आणि मी रडलेही. रडायचं काही नव्हतं.

१५ फेब्रु., रवि.
मिस्साहून आले तर दुकानासमोर प्र. उभी. गुलाबी घेर, पांढरे मोजे, डोक्याला बो, हातात लेसची छत्री. घरून निघून मुद्दाम आगाशीला आली, दाखवायला. अख्खा बाजार थांबला. एकजण म्हणाला, "शूटिंग हाय का?" ती म्हणाली, "नाही, चहाला चाललेय." आणि मान वर करून बसमध्ये चढली. तिला आणि तिच्या घेराला कंडक्टरने दोन सीटा दिल्या.
संध्याकाळी फोटो आला. सात जणी. मधली आपली. चार वर्षांचा ताप उतरला.
खाली लिहिलंय, आंटी, सगळ्या तुम्हाला बोलावतायत. पुढच्या वेळी तुम्ही पण. घालून.
म्हटलं, वेड लागलंय का! अठ्ठावन्न पूर्ण होतील.

१७ फेब्रु., मंगळ.
उद्या राखेचा बुधवार, उपासाचे दिवस लागतात, मग ईस्टरपर्यंत मी नवीन कपडा घेत नाही. त्यामुळे जे काय ते आज.
सकाळी बहिणींच्या पानावर नुसतं बघत होते. एक फिका निळा आहे, लांब बाह्यांचा, शोभून दिसेलसा. कुणाला ते सोडा.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टेप घेऊन पडद्याआड गेले. छाती १०८. वहीत लिहिली, सेंटिमीटरमध्ये, खाली दोन रेघा मारून. कंबर लिहिली नाही.
पा. डोकावला. "कुणाचं माप?"
"गिऱ्हाइकाचं."
त्याने वहीतली नावाची रिकामी जागा पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, "रंग कुठला?"