उसाच्या कडेची धार

भरतभाऊ, शिव्या नंतर घाला. सकाळी फोनवर म्हणालात, बिबट्या तूच दारात आणलास. आणला. पण कसा, ते आधी वाचा. ही माझीच वही आहे, वरच्या कोऱ्या जागेत हे घाईत लिहितोय. खालचं आधीचं, शेवटची नोंद तेवढी आत्ताची.

८ जानेवारी
बोरी गाव झकास आहे राव. नारायणगावच्या दवाखान्यातून रखमाजीबाबांना घरी आणलं. प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, नळी पंधरा तारखेला निघणार. तोवर भरतभाऊंच्या एजन्सीने मला इथे ठेवलंय. बीए झालेला गडी मुताची पिशवी धरतो म्हणून बाबा हसले, हसताना दुखलं म्हणून मलाच शिव्या. घर भर उसात. पाटाच्या रस्त्यापासून बांधावरून दीडशे पावलं, गाडी येत नाही. मी आणि त्यांचा पुतण्या गोरख, दोघांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. बाबा म्हणे, नवरदेव काढलाय जणू. बाबांच्या मंडळी कुशाबाईंनी मासवडी केली. लई तिखट. बाबांना वरणभात, म्हणून ते रुसले.
रंग: गुलाबी.

९ जानेवारी
पिशवी भरली की रिकामी करायची, रंग लिहायचा. मी संडासात ओतत होतो. कुशाबाई म्हणाल्या, वाया कशाला घालताय पावणं, उसाच्या कडंनं वता, माणसाच्या मुताच्या वासानं डुकरं येत न्हाईत. इथं सगळेच करतात म्हणे. ओतलं. धार धरून, अख्ख्या बांधाने, गोठ्यावरून अंगणापर्यंत. बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, चांगदेवानं माझी हद्द आखली, तलाठ्यालाबी अशी जमत न्हाई.
रंग: गुलाबी, मधे लाल तार.

११ जानेवारी
डुकरं खरंच फिरकली नाहीत.
सकाळी कुत्र्याची साखळी खुंट्यालाच होती. साखळीला पट्टा, पट्ट्यात मुंडकं. बाकी काही नाही. बिबट्याचे ठसे माझ्या धारेवरून आलेत, एक पाऊल इकडेतिकडे नाही. शेजारचे सावळेराम बसून ठसे बघत राहिले. मग विचारलं, मुतात रगत व्हतं का. मी हो म्हणालो. ते थुंकले आणि निघून गेले.
रंग: फिका. बाबा बरे होतायत.

१२ जानेवारी
ओतणं बंद. बांधावर फिनेल टाकलं. वनखात्याने पिंजरा लावला, आत शेळी. तो शेळीकडे ढुंकून बघत नाही.
दुपारी सावळेराम घास कापायला वाकले होते. मी ओसरीवर. मानेलाच धरलं. विळा हातातच राहिला. टाचा कितीतरी वेळ माती उकरत होत्या, मग—
रंग: लिहायचा राहिला.

१३ जानेवारी
भर दिवसा गोठ्यात. कालवडीला मागून ओढत होता. मी खाटेआड. बाबा नळीसकट धावले, दावं धरून ओढत बसले. त्याने सोडली. कालवड उभी आहे, आतडी जमिनीला टेकलीत, तरी उभी. बाबा म्हणाले, माझी जनावरं मी सोडत नसतो.
जोर लावायचा नाही असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं.
रंग: लालभडक. तीन पिशव्या, डॉक्टरांना दाखवायला ठेवल्यात.

१४ जानेवारी, सकाळ
पिशवी कोरडी. नळीत गुठळी अडकलीय. सिरिंजने सलाइन मारलं, आत गेलं, परत येत नाही. पोट मडक्यासारखं टणक. बाबा चादर चावतात. डॉक्टर फोनवर म्हणाले, ताबडतोब आणा.
गोरख पाटावर पिकअप घेऊन उभा. एक माणूस सोबत. बिबट्या बांधाच्या मधोमध बसलाय. फटाके लावले. उठतो, परत तिथेच. खुर्ची उचलली की त्या दोघांचे हात अडकतात, माझ्या एकट्याच्या काठीला तो—
वनखात्याची माणसं निघालीत म्हणे. कधीची निघालीत.

पावणेबारा
बाबा ओरडायचे थांबले. हे वाईट.
कालच्या तिन्ही पिशव्या आहेत. रक्ताच्या. शर्टावर ओतल्या, डोक्यावर पण. मागच्या दाराने, उसातून विहिरीकडे. धारेमागे येतो ना, येईल. गोरखला फोनवर सांगितलं, विहिरीकडचा ऊस हलला की दोघं पळत या, खुर्ची उचला.
कुशाबाईंनी हात धरला. तू न्हाई जायचं म्हणाल्या. सोडवला.
भरतभाऊ, तुमचा फोन वाजतोय. उचलत नाही.
वही उंबऱ्यावर ठेव—