मागच्या खिडकीतला ध्रुव

१० जानेवारी, रात्री ८
आजपासून विज्ञान. ध्रुवताऱ्याचं अंतर मी स्वतः मोजणार. पुस्तकात सोपं दिलंय: सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, तिथून तारा किंचित सरकलेला दिसतो. किती सरकला, त्यावरून अंतर.
ताईला आधी सांगायचं नाही. चाळीस वर्षं गणित शिकवलंय तिने. कॉन्व्हेंट शाळेत मदर म्हणायच्या, थोरलीला डोकं, धाकटीला अक्षर. साठी उलटली तरी बोचतं. एकदा ताईची शाबासकी मिळावी, बस्स.
मागच्या खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर हनुवटी टेकवली, डावा डोळा मिटला, तारा दिसला तिथे काचेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला.

११ जानेवारी
उद्यापासून रोज पहाटे त्रिकोणमिती.

१९ जानेवारी
पहाटे फार थंडी. त्रिकोणमिती उन्हाळ्यात.

३ मार्च
हे ठिपका खरवडत होते! मी किंचाळले. म्हणाले, अगं, मला वाटलं जॅम. छत्तीस वर्षांत खिडकी पुसायचं सुचलं, तेही आत्ताच.

२२ मे
फार उकडतं. उकाड्यात आकडे डोक्यात शिरत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

५ जुलै
उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आराम करा. विज्ञान थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

१० जुलै, रात्री ८
उजव्या डोळ्यावर पट्टी. हरकत नाही, देवाने दुसरा दिलाय. हनुवटी मशीनवर. आणि तारा सरकला! चांगला अडीच इंच!! पुस्तक म्हणतं, हे सरकणं साध्या डोळ्यांना दिसतच नाही. पुस्तक जुनं असणार. त्रिकोणमिती राहिली, म्हणून अंतर अंदाजे काढलं: तारा चंद्राच्याही अलीकडे आहे. यांना सांगितलं, तर म्हणाले, मग जेवायच्या आत जाऊन ये.
ताईला फोन केला. रविवारी येतेय.

१४ जुलै, रविवार
ताई आली. ठिपका बघितला, अंधार पडल्यावर मला मशीनपाशी बसवलं. विचारलं, चिमे, जानेवारीत कुठला डोळा मिटला होतास? म्हटलं, डावा. आणि परवा? उजवा, पट्टीच होती ना गं! आता तर पट्टी निघाली, म्हणाली. एकदा हा मीट, एकदा तो.
तारा ठिपक्यावर आला. परत गेला. पुन्हा आला.
ताई हसून हसून खुर्चीत बसली. मग शिवणाची टेप घेऊन माझ्या नाकावर आडवी धरली. अडीच इंच. म्हणाली, बाई गं, तारा जागचा हललेला नाही, तू तुझ्याच दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलंस. पण मोजलंस मात्र अगदी अचूक.
मी यांना हाक मारून आत बोलावलं आणि ताईला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.