फ्यूजमधली जाड तार

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी बोलले नाही. आज बोलावंच लागतंय. जळालेल्या खोलीत आज पुन्हा वीज आली आणि तुमच्या धाकट्या भावानं, आपल्या भावजींनी, फ्यूजमध्ये तुम्ही भरली होती तशीच जाड तांब्याची तार भरली. त्याच भिंतीखाली आपल्या लेकीच्या, शकूच्या, तान्ह्या मुलीचा पाळणा आहे.

शकूच्या लग्नाची आदली संध्याकाळ आठवते? मांडवातले दिवे, पंखे, भोंगा, सगळं घरातल्याच वायरीवर. फ्यूज सारखा उडायचा. बदनापूरचे व्याही सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, तुमचा लाईट पाव्हण्यांना भिऊन राह्यला का?"

तुम्ही हसलात, पण कान लाल झाले होते. जाड तार पिळून बसवलीत. "आता बघतो कसा जातो!"

गेला नाही. तेच तर झालं! भिंतीवरची वायर तापण्याआधी फ्यूजची तार वितळायला हवी, हे मला मागाहून कळलं. तुम्हाला तर ठाऊक होतं ना? मांडवातले चार दिवे काढले असते तर काय बिघडलं असतं?

रबर जळाल्याचा वास आला, तेव्हा मी सांगितलं होतं. तुम्ही खेकसलात, "लग्नघरात वास कसले हुंगून राह्यली? चहा आण जल्दी!"

मग वायरीवरची लाकडी पट्टी पेटली. खाली पाहुण्यांसाठी रचलेल्या गाद्या पेटल्या. मेन बंद करायला तुम्ही आत धावलात. धुरात कोसळलात, तरी तुमच्या डोक्यावरचा दिवा जळतच होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावजी म्हणाले, "दादा, घरातला लाईट कधी जाऊ देणार न्हाई." लगेच शिवला! तुमचा जीव यातच अडकला होता म्हणून सगळे रडले. खरंच यातच होता का हो? माझ्यात नाही, शकूतही नाही?

आज मी मेन बंद केला आणि ती तार उपसून काढली. भावजी ओरडले, "वहिनी, दादाला शब्द दिलाय! जीव तळमळंल त्याचा!"

"मंग तळमळू द्या," मी म्हणाले.

शकू पाळणा हलवत राहिली. तिनं वर पाहिलं नाही.

आता माझा शब्द ऐका. या घरात बारीकच तार राहील. उडेल, पुन्हा उडेल, पाहुणे हसतील. तुमच्या श्राद्धाला कावळा शिवला नाही, तर मी त्याला काहीही कबूल करणार नाही. तुमचं पान उचलून गाईपुढं ठेवीन. तुम्ही उपाशी राहा.

तुमचीच,
कमल